मोटार नुसती घुमते

दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉस्टेलवर परत आलं की पहिले दोन दिवस एकमेकांचे फराळाचे डबे फस्त करण्यात जातात. २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र डबे राहिले पिशवीत आणि पहिल्याच सकाळी अख्खा मजला बादल्या घेऊन जिन्यात उभा. टाकी ठणठणीत कोरडी! मेसचे मामा चहाच्या आधणापुरतं तरी पाणी द्या म्हणत दारांवर थापा मारत होते. वॉचमनने खालून ओरडून सांगितलं, "मोटार चालूच होईना!"

आता मजल्यावर फायनल इयर इलेक्ट्रिकलचे आम्ही सहा जण. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर, सगळ्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू घरात साप निघालाय आणि आम्ही सर्पमित्र. मागे फिरायची सोयच नव्हती. टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत आमची टीम पंपरूमकडे निघाली.

पंपरूममध्ये ५ एचपीची थ्री फेज मोटार, कपलिंगने जोडलेला पंप, भिंतीवर स्टार्टर. एकाने ऐटीत हिरवं बटण दाबलं. खट्ट! आणि मग घुंऽऽऽ... मोटार नुसती घुमत राहिली. शाफ्ट तसूभर हलेना. सात-आठ सेकंदांनी घाबरून आम्हीच लाल बटण दाबलं.

मग मतं सुरू झाली. एक म्हणाला व्होल्टेज कमी असेल. दुसरा म्हणाला फेज सीक्वेन्स उलटा झालाय (बाबा रे, फेज उलटे झाले तर मोटार उलटी फिरते, बसून राहत नाही). तिसऱ्याला कपॅसिटर गेल्याची शंका आली, पण थ्री फेज मोटारीत त्याला कपॅसिटर कुठे सापडणार होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. चौथा मोबाईलवर शोधत होता. सगळ्यात मोठा आवाज माझा. "सिंगल फेजिंग! एक फेज गेलाय. शंभर टक्के!"

माझा अंदाज साफ चुकला. तो का चुकला हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय. शेवटी काय मागणार आहे तेही आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईतल्या लोकांना पान उलटता येईल : आपल्या मशीन्स लॅबमध्ये एक बंद मोटार हवी. कायमची बंद. आणि प्रत्येक बॅचने ती का बंद आहे ते शोधावं, त्याला टर्मवर्कचे मार्क असावेत.

माझ्या त्या 'शंभर टक्के'मागे २४०० रुपयांचा इतिहास आहे. तो ऐका.

जानेवारी २०२४. मी तिसऱ्या वर्षाला. आमचं गाव बार्शी तालुक्यात, विहिरीवर ५ एचपीची मोनोब्लॉक मोटार, ती विहिरीत अर्ध्यावर एका गाळ्यावर बसवलेली. गहू चाळीस-बेचाळीस दिवसांचा, कांडी धरायच्या बेतात. या पाण्याला उशीर झालेला गव्हाला चालत नाही. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. रात्री साडेअकराला अण्णांचा फोन. "अरे, मोटार उचलंना. बटण दाबलं की नुसती घुमतीय. काय करू?"

मित्रहो, वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाला प्रश्न विचारला होता. मी कॉटवर उठून बसलो. रूम पार्टनरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अण्णा, तुम्ही बटण दाबून ठेवा आणि मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरींना टेस्टर लावून बघा. एक जरी पेटला नाही तर फेज गेलाय."

त्यांनी लावला. "तिन्हीवर पेटतोय."

"मग फेज तिन्ही आहेत. मोटार जळाली. भरायला टाका."

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून दोरखंडाने मोटार वर काढली, टेम्पोने बार्शीला नेली. मोटारी भरणाऱ्या माणसाने ती उघडली, सिरीज लॅम्पने तपासली, मेगर लावला आणि सांगितलं की वाइंडिंग चांगलं आहे. उघडलीच आहे तर बेअरिंग बदला, एवढंच. टेम्पो, मजुरी, बेअरिंग धरून २४०० रुपये आणि चार दिवस. मोटार परत बसवली, बटण दाबलं. घुंऽऽऽ!

शेवटी शेजारच्या वस्तीवरचा एक जण आला. त्याने स्टार्टरच्या अलीकडचे तिन्ही किटकॅट उपसून हातात घेतले. एकातली फ्यूजची तार वरून धडधाकट दिसत होती, स्क्रूखाली जळून तुटलेली. पंधरा मिनिटांत पाणी सुरू. अण्णा मला काही बोलले नाहीत. आई बोलली.

पण मग टेस्टर तिन्ही वायरींवर पेटला कसा? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. टेस्टर खोटं बोलला का? नाही. मी प्रश्नच चुकीचा विचारायला लावला होता. वहीवर तीन रेघा ओढून बसलो तेव्हा उलगडलं. स्टार्टरची कॉइल उरलेल्या दोन चांगल्या फेजवर होती, म्हणून स्टार्टर ओढत होता. स्टार्टर ओढला की तिसरी, मेलेली वायर मोटारीच्या वाइंडिंगमधून बाकीच्या दोन फेजना जाऊन मिळते. ती दोघांच्या बरोबर मध्ये लोंबकळते. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतील, तर या मेलेल्या वायरीपासून प्रत्येक फेजला साधारण २०७ व्होल्ट मिळतात आणि जमिनीपासून सुमारे १२० व्होल्ट. निऑन टेस्टर पेटायला १२० व्होल्ट रग्गड झाले! म्हणजे जिवंत फेज दोन आणि तिसरं भूत. टेस्टरला माणूस आणि भूत यातला फरक कळत नाही.

तीच तपासणी बटण न दाबता, स्टार्टरच्या अलीकडे केली असती तर मेलेला फेज मेलेलाच दिसला असता. किंवा टेस्टरऐवजी मीटरने फेज-फेजमधली तीन रीडिंग्ज घेतली असती तर ४१५, २०७, २०७ असे आकडे आले असते आणि विषय संपला असता. चूक एवढीशीच, तपासायच्या क्रमाची.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. रात्री साडेअकराला, चिखलात, बहुतेक अनवाणी, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात टेस्टर अशा अवस्थेत मी माझ्या वडिलांना चालू स्टार्टरच्या उघड्या टर्मिनलला हात घालायला लावला होता. २४०० रुपयांचं मला फारसं काही वाटत नाही. हे आठवलं की मात्र अजून पोटात गोळा येतो.

तर अशी आमची सिंगल फेजिंगची ओळख. त्यामुळे नोव्हेंबरात हॉस्टेलच्या मोटारीने तोच सूर लावल्याबरोबर मी उत्तर ठोकून दिलं. मागच्या पेपरचं उत्तर पाठ होतं ना!

तेवढ्यात वायरमन काका आले. कॉलेजमध्ये इतकी वर्षं आहेत की आमच्या सरांना त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिलंय. त्यांनी मोटारीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी वॉचमनला विचारलं, "शेवटची कधी चालवली होती?"

"सुट्टी लागली तेव्हा. हॉस्टेल रिकामं, कशाला चालवू? वीस दिवस बंदच."

"पोरांनी किती वेळा दाबली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पाच-सहा वेळा. काकांनी वाकून मोटारीच्या बॉडीला तळहाताची मागची बाजू लावली, वास घेतला आणि म्हणाले, "अजून वाचलीय."

(हे 'वाचलीय' का, ते आम्हाला थिअरीत येतं. उभी असलेली मोटार फुल लोडच्या साधारण सहापट करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गात, म्हणजे छत्तीसपट. शिवाय पंखा फिरत नाही. पाच-सहा वेळा बटण दाबून आम्ही तिला पाच-सहा वेळा तव्यावर ठेवलं होतं. हे सगळं परीक्षेत लिहिलेलं आहे. मोटार घुमत असताना एकालाही आठवलं नाही.)

मग काकांनी मेन स्विच खाली ओढला, तिन्ही फ्यूज उपसले आणि सरळ शर्टाच्या खिशात टाकले. "आता दाबा किती बटणं दाबायची ती." कारखान्यांमध्ये यासाठी कुलपं, लाल पाट्या आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं. काकांचा खिसा तेच काम करतो. फ्यूज ज्याच्या खिशात, त्याचा हात सुरक्षित.

मी हळूच म्हणालो, "काका, एक फेज गेलाय बहुतेक."

"असू दे की गेलेला. आधी फिरतीय का बघू."

त्यांनी कपलिंगला हात घातला. हलेना. मला म्हणाले, तू बघ. मी दोन्ही हातांनी जोर लावला. ढिम्म. मोटार आणि पंप दोन्ही दगडासारखे बसलेले.

एवढीच तपासणी. ना मीटर, ना टेस्टर, ना अ‍ॅप. दोन हात आणि बंद केलेला मेन स्विच. माझा शंभर टक्के तिथल्या तिथे शून्य टक्के झाला.

कारण असं निघालं. पंपाच्या शाफ्टभोवती ग्लँड असतो, त्यात दोरी भरलेली असते. त्यातून थेंब थेंब पाणी गळायलाच हवं, त्यानेच ती दोरी थंड आणि ओली राहते. आमच्या पंपाचा ग्लँड कुणीतरी पार आवळून टाकला होता. वीस दिवसांत आतली दोरी वाळली आणि शाफ्टला धरून बसली. काकांनी ग्लँडचे दोन्ही नट सारखे सारखे सैल केले, कपलिंगवर फडकं गुंडाळून पाइप पाना लावला, थोडं पुढे, थोडं मागे, कर्र कर्र असा आवाज आला आणि शाफ्ट सुटला. मग हाताने आठ-दहा फेरे फिरवला.

मला वाटलं आता बटण दाबतील. नाही. खिशातून फ्यूज काढून एकेका तारेचे स्क्रू तपासले. मेन चालू करून मोटारीच्या अलीकडे सिरीज लॅम्प लावला : दोन पिवळे बल्ब एकापुढे एक जोडलेले (एकच लावला तर ४१५ व्होल्टला फुटतो, म्हणून दोन). तीन जोड्या, तिन्ही वेळा सारखाच उजेड. असले बल्ब आता दुकानात शोधावे लागतात, पण काकांनी चार जपून ठेवलेत. "टेस्टर नुसता पेटतो. बल्बला पेटायला ताकद लागते," असं म्हणाले तेव्हा मला जानेवारीतली ती रात्र आठवली. त्या भुताला हा बल्ब लावला असता तर तो अगदी मंद उजेडात मिणमिणला असता आणि अण्णांना दहा हातांवरून कळलं असतं.

मग हिरवं बटण. खट्ट, घुं... आणि मोटार उचलली. जिन्यातून शिट्ट्या ऐकू आल्या.

आता मुद्द्यावर येतो. घुमणारी मोटार दोनदा माझ्यासमोर आली. पहिल्यांदा फेज गेला होता आणि मी म्हणालो मोटार जळाली. दुसऱ्यांदा शाफ्ट धरला होता आणि मी म्हणालो फेज गेला. माझं सीजीपीए विचारू नका, चांगलं आहे.

आणि याहून लाजिरवाणी गोष्ट ऐका. धरलेल्या शाफ्टचा तो आवाज मी आधी ऐकला होता. तुम्हीही ऐकलाय! मशीन्स लॅबमध्ये ब्लॉक्ड रोटर टेस्ट केली ना आपण? ब्रेक ड्रमचा पट्टा आवळून शाफ्ट मुद्दाम धरून ठेवायचा, डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू वाढवायचं, फुल लोड करंट आला की थांबायचं आणि रीडिंग्ज घ्यायची. तेव्हा मोटार काय करत होती? घुमत होती! हॉस्टेलच्या पंपरूममध्ये वीस दिवसांच्या गंजाने आणि वाळलेल्या दोरीने आमच्यासाठी फुकटात ब्लॉक्ड रोटर टेस्ट लावून ठेवली होती, तीही पूर्ण व्होल्टेजवर, आणि आम्ही सहा इलेक्ट्रिकल इंजिनिअर तिला ओळखू शकलो नाही. कारण लॅबमध्ये आमचं लक्ष वॉटमीटरच्या काट्याकडे होतं. सर्कल डायग्रॅम काढायचा होता. आणि खरं सांगायचं तर काट्याकडेही नव्हतं, मागच्या वर्षीचं जर्नल शेजारी उघडं होतं.

तसंच त्या डबल रिव्हॉल्व्हिंग फील्डचं. एकाच फेजवर दोन फिरती क्षेत्रं, सारखीच, उलट दिशांना, म्हणून सुरुवातीचा टॉर्क शून्य. पाच मार्कांचा हमखास प्रश्न. थेराजाच्या पुस्तकात तो सिंगल फेज मोटारींच्या धड्यात येतो, त्यामुळे आपण तो त्याच कप्प्यात ठेवतो. थ्री फेज मोटारीचा एक फेज गेला की तीही अगदी हेच करते, हे दोन कप्पे एकमेकांशी बोलतच नाहीत. गावाकडे मात्र लोक हे न शिकता वापरतात. कपलिंगला दोरी गुंडाळून जोरात ओढतात, मोटार ज्या दिशेला ओढाल तिकडे सुरू होते, आणि मग उरलेल्या दोन फेजवर साधारण पावणेदोनपट करंट ओढत फिरत राहते, वाइंडिंग काळं पडेपर्यंत. फिरत्या कपलिंगजवळ दोरी घेऊन उभं राहणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आमच्या लॅबमधल्या मोटारी कशा असतात? चालू असतात. प्रॅक्टिकलच्या आधी लॅब असिस्टंट सगळं जोडून, चालवून, बघून ठेवतात. आपण जातो, बटण दाबतो, ती फिरते. चार वर्षांत एकदाही मोटारीने आपल्याला नकार दिला नाही. जी फिरते तिची एफिशियन्सी काढायला आपण शिकलो. जी फिरत नाही तिला काय विचारायचं, हे कुणी शिकवलं नाही. बाहेर मात्र इंजिनिअरला बोलावतात ते फिरत नाही म्हणूनच. चालू मोटारीपाशी कोण कशाला हाक मारेल?

आणि न फिरणाऱ्या मोटारीही एक जातीच्या नसतात. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, खट्टसुद्धा नाही, ती गप्प मोटार वेगळी. तिथे मोटारीला हात लावायचंच कारण नाही. लाइट आहे का, कॉइलचे फेज आहेत का, ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन बसलाय का, लाल बटण आतच अडकलंय का, टाकीचा फ्लोट स्विच काय म्हणतोय ते बघायचं. बटण दाबून धरलं तोवर चालते आणि सोडलं की बंद पडते, तिचा दोष होल्ड ऑन कॉन्टॅक्टमध्ये. आणि घुमणारी मोटार ही तिसरी जात : ताकद पोचतेय पण पुरत नाही, किंवा पुढे काहीतरी धरून बसलंय. व्होल्टेज ४१५ चं ३०० वर आलं तर टॉर्क जवळपास निम्मा होतो, म्हणून तेही एक कारण. म्हणजे कारणं तीन-चार, आवाज एकच. त्यांना वेगळं करणारी तपासणी स्वस्तातली आणि बिनधोक्याची असेल ती आधी करायची. हात लावून फिरवून बघणं फुकट आहे. मोटार उपसून बार्शीला नेणं २४०० रुपयांना पडतं. मी नेमका उलट्या टोकाने सुरुवात केली.

हे मी एका सरांना बोललो तर ते म्हणाले, "हे आयटीआयचं काम आहे. तुम्ही डिझाइन करायचं." सर, आदर ठेवून सांगतो, हे वाक्य मला पटत नाही. याच्या पोटात एक जातिभेद आहे, हात काळे होणाऱ्यांचा आणि न होणाऱ्यांचा. आणि हिशेबानेही ते चुकीचं आहे. बंद मोटारीपाशी डोकं जास्त लागतं, कमी नाही. चालू मोटारीच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच माहीत असतं.

पण काकांची आरती ओवाळून हा लेख संपवणंही मला जमणार नाही, कारण गोष्ट तिथे संपली नाही. मोटार सुरू झाल्यावर मी सहज स्टार्टर उघडा असताना आत डोकावलो. मोटारीच्या पाटीवर फुल लोड करंट ७.५ अँपिअर. रिलेची चकती १० वर.

"काका, हा दहावर का?"

"सप्टेंबरात सारखा ट्रिप व्हायचा. पाणी बंद पडलं की पोरं ओरडतात, साहेब ओरडतात. वाढवला."

"पण ट्रिप का व्हायचा?"

काका थांबले. हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. मग आम्ही वॉचमनला बोलावलं आणि दोघांनी मिळून मागे मागे जात सगळी साखळी जुळवली. ऑगस्टमध्ये पंपरूमच्या फरशीवर पाणी साचतं म्हणून रेक्टर सरांनी तक्रार केली (सर, वाचत असाल तर क्षमस्व). वॉचमनने गळती थांबावी म्हणून ग्लँड आवळला. थेंब थांबले, सगळे खूश. पण शाफ्ट घासायला लागला, भार वाढला, रिले ट्रिप व्हायला लागला. रिले बिचारा दोन महिने ओरडून सांगत होता की पुढे काहीतरी धरतंय. आम्ही त्याचं तोंड दाबलं. मग सुट्टी आली आणि शाफ्ट पक्काच धरला. आणि रिले १० वर असल्यामुळे, आम्ही बटण दाबत बसलो तेव्हा तो ७.५ वर असताना जेवढ्या लवकर वाचवता तेवढ्या लवकर वाचवणार नव्हता.

काकांना 'कसं' येत होतं, मला 'का' विचारायची सवय होती. त्या दिवशी ही साखळी जुळायला दोन्ही लागलं. आम्ही रिले ७.५ वर आणला, ग्लँड थेंब पडेल इतका सैल ठेवला आणि त्याखाली एक पत्र्याचा डबा ठेवला, फरशी ओली होऊ नये म्हणून. त्यानंतर सेमिस्टर संपेपर्यंत रिले एकदाही ट्रिप झाला नाही. डबा मात्र रोज ओतावा लागतो. तो कुणी ओतायचा यावर वाद चालू आहे.

म्हणून माझी मागणी. स्टोअरमध्ये भंगारात काढलेल्या मोटारी पडून आहेत. त्यातली एक टेबलावर ठेवावी, सोबत स्टार्टर आणि फ्यूज. सरांनी किंवा लॅब असिस्टंटनी त्यात एक दोष लपवावा : तुटलेली फ्यूजची तार, स्टार्टरचा खराब कॉन्टॅक्ट, टर्मिनलवर चुकीची जोडणी, पाचर मारून धरलेला शाफ्ट, ओला वाइंडिंग. बॅचने तो शोधावा. जर्नलमध्ये रीडिंग्जचा तक्ता नको. काय विचारलं, काय तपासलं, कोणत्या क्रमाने, आणि पहिला अंदाज काय चुकला, ते लिहावं. चुकलेला अंदाज लिहिणाऱ्याला मार्क कापू नयेत. हे जर्नल मागच्या वर्षीचं बघून उतरवता येणार नाही, कारण दोष बदललेला असेल. मला वाटतं खरी अडचण इथेच आहे. कॉपी करता न येणारं प्रॅक्टिकल तपासायला सरांनाही वेळ लागेल.

धोका आहे म्हणाल, तर यातल्या बहुतेक तपासण्यांना लाइट लागतच नाही. शाफ्ट हाताने फिरवणं, वास घेणं, टर्मिनल बघणं, तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स सारखा आहे का ते मोजणं, ५०० व्होल्टच्या मेगरने बॉडीशी इन्सुलेशन बघणं आणि ते १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटार आधी वाळवणं, हे सगळं मेन बंद करूनच करायचं असतं. उलट मेन आधी बंद करायची सवय इथेच लागेल. मला ती असती तर अण्णांना मी त्या रात्री वेगळं काही सांगितलं असतं.

हा लेख लिहायला घेतल्यावर लॅब असिस्टंट काकांना विचारलं की भंगारातली एखादी मोटार मिळेल का. ते कुलूप उघडून आत घेऊन गेले. कोपऱ्यात ३ एचपीची एक मोटार, वर धूळ, पाटी अजून वाचता येते. म्हटलं, "हिला काय झालंय?"

"काय माहीत. बंद पडली म्हणून आणून ठेवली. कुणी बघितलंच नाही."

विभागप्रमुखांनी तोंडी परवानगी दिली आहे, लेखी यायची आहे. दर शनिवारी दुपारी दोन वाजता, मशीन्स लॅबच्या मागच्या टेबलावर. कोणत्याही ब्रँचचं कुणीही चालेल, पायात बूट हवेत. वायरमन काका पहिल्या शनिवारी येतो म्हणालेत, पण उत्तर सांगणार नाही या अटीवर. मेन बंद असेल आणि फ्यूज माझ्या खिशात असतील.